अखाजीला जा, मी आहे ना

हे मी आईला सांगितलेलं नाही. जिच्याबरोबर कॉलेजात एका बाकावर बसले त्या मैत्रिणीलाही नाही. नवऱ्याला तर नाहीच — त्याच्या लेखी मी फार सरळ बाई आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. आणि खरं सांगू? घरात कोणी नाही, तरी दार लावून घेतलंय.

भित्री आहे मी. कोणाला पटणार नाही म्हणा! कोर्टात माझा आवाज मोठा आहे, समोरचा वकील आडवा आला तर मी त्याला सोडत नाही. पण एप्रिल उजाडला, गल्लीत कैऱ्यांचे ढीग लागले, बायका माहेरी जायच्या पिशव्या भरू लागल्या, की मी फोन वाजला तरी दचकते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं.

आम्ही सुरतेतल्या उधन्याचे. म्हणजे मूळचे साक्रीकडचे, पण वडील लूमवर कामाला आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर हिंदी, पुढे गुजराती. मी लॉ कॉलेजात गेले त्या दिवसापासून गल्लीने मला ‘वकीलबाई’ करून टाकलं. कोणाच्या मीटरचं भांडण, कोणाच्या भाडेकरूची कटकट — विचारा वकीलबाईला! आणि मी सांगायचे हो, बिनदिक्कत. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात. मी तर हळकुंडाचा नुसता वास घेऊन पिवळी झाले होते.

दुसऱ्या वर्षी इंटर्नशिप करायची होती. फॅमिली कोर्टात काम करणारे एक वकीलसाहेब मिळाले. सुरुवातीला फायली उचल, तारखा विचारून ये, झेरॉक्स काढून आण. मग एक दिवस त्यांना कळलं की मला अहिराणी येते, आणि माझं कामच बदललं. त्यांच्याकडे खानदेशी बायकांच्या बऱ्याच केसेस होत्या. तारीख संपली की व्हरांड्यात बाईला एका बाजूला घ्यायचं आणि तिच्या बोलीत सांगायचं — आज काय झालं, जजसाहेब काय बोलले, आता काय करायचं आणि काय करायचं नाही. किती मोठं काम होतं ते! तेव्हा मला फक्त मिरवायला बरं वाटायचं.

साहेब ओरडायचे नाहीत. चष्मा काढायचे. माझ्याबरोबर एक मुलगी होती, तिने पक्षकारासमोर काहीतरी बावळट प्रश्न विचारला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि हसून म्हणाले, “बेटा, काल थी नहीं आवती.” — उद्यापासून येऊ नको. ती पुन्हा आली नाही. तिला सर्टिफिकेटही मिळालं नाही. त्या दिवसापासून मी साहेबांना एकही प्रश्न विचारला नाही. सगळं कळल्यासारखी मान हलवायची, बस.

आता रंजनाताई.

ती आमच्या गल्लीतली, माझ्याहून थोडी मोठी. नवरा पलसाण्याला डाइंग मिलमध्ये होता. दारू, मार — ते नेहमीचंच. पोरीला कडेवर घेऊन ती भावाकडे उधन्याला आली आणि साड्यांवर खडे चिकटवायला बसली. नवरा नोकरी सोडून गावी आईजवळ गेला आणि तिथून पोरीचा ताबा मागितला. परी तेव्हा चार वर्षांची. रंजनाताईला आमच्या साहेबांकडे मीच नेलं होतं. हो, मीच.

निकाल लागेपर्यंत परी आईकडेच राहील, असा हुकूम झाला त्या दिवशी व्हरांड्यात रंजनाताईने माझे दोन्ही हात धरले. परीने तोंडातलं अर्धं बिस्कीट काढून मला दिलं. मी म्हटलं, पोर तुझ्याकडेच, आता रडू नको. त्या हुकमात खाली आणखी एक ओळ होती — कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलीला सुरतबाहेर न्यायचं नाही. ती सांगायची राहिली. विसरले, असं मी पुढे स्वतःला सांगत आले. त्याकडे येते मी. येते, जरा थांबा.

मग अखाजी आली, म्हणजे अक्षय तृतीया. तुम्ही खानदेशातले नसाल तर कसं सांगू? आमच्याकडे दिवाळीला माहेरी नाही गेलं तर एक वेळ चालतं, पण अखाजीला लेक माहेरी गेली नाही तर तिची आई जेवत नाही. लिंबाला झोके, गौराईची गाणी, खापरावरची पुरणपोळी, आमरस. पोरी वर्षभराचं रडणं त्या झोक्यावर रडून घेतात.

संध्याकाळी ओट्यावर बायका बसलेल्या. रंजनाताई सगळ्यांसमोर मला म्हणाली, “अखाजीले जाऊ ना वं माय? पोरले लई जाऊ?” — पोरीला घेऊन जाऊ?

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझी आईसुद्धा.

मी म्हटलं, “जा ना! त्यात विचारायचं काय? मी आहे ना.”

ती गावी, आईकडे गेली. परीला नवा फ्रॉक घालून गेली. नवऱ्याचं गाव तिच्या माहेराला लागूनच. अखाजीच्या दिवशी कोण कुठे आलंय ते लपतंय होय? कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला. पुढच्या तारखेला नवऱ्याच्या वकिलाने तो जजसाहेबांपुढे ठेवला. परी झोक्यावर बसलेली, दात काढून हसतेय, मागे रंजनाताई झोका देतेय. आई पोरीला पळवून न्यायची तयारी करतेय, उद्या ही सापडायची नाही — असं त्याने त्या फोटोवरून सांगितलं. जजसाहेबांनी दुपारी दोन्ही बाजूंना पुन्हा बोलावलं.

मधल्या वेळेत साहेबांनी रंजनाताईला ऑफिसात बसवलं. चष्मा काढला. “जवानुं कोणे कह्युं?” — जायला कोणी सांगितलं?

मी कपाटाजवळ उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं. मी फायलीकडे बघितलं. फायलीचा दोरा सोडला, परत बांधला. म्हटलं, आता ही बोट दाखवणार, आणि मी संपले — कॉलेज, सर्टिफिकेट, गल्ली, वडिलांचं ते छाती फुगवून चालणं, सगळं.

ती म्हणाली, “माले समजनं नही, साहेब. मनीच चूक.”

मला समजलं नाही, माझीच चूक. माझ्यासाठी खोटं बोलली ती. आणि मला काय वाटलं माहितीये? सुटल्यासारखं वाटलं. लाज नाही वाटली तेव्हा. सुटले, एवढंच वाटलं.

इथेच थांबलं असतं तर मी आज कदाचित तिच्या पाया पडून मोकळी झाले असते. पण दुपारी साहेब कोर्टात उभे राहिले आणि म्हणाले, बाई अडाणी आहे, हुकूम तिला समजला नाही. जजसाहेबांनी मान वर केली. मागच्या तारखेला साहेबांनीच कौतुकाने सांगितलं होतं की आमच्याकडे एक विद्यार्थिनी आहे, ती बायकांना त्यांच्या बोलीत सगळं समजावते. जजसाहेबांच्या ते लक्षात होतं. त्यांनी मला पुढे बोलावलं. आवाज अगदी साधा, घरातल्या माणसासारखा. परगावी न्यायचं नाही ही अट या बाईला तू समजावली होतीस का?

एक शब्द. ‘नाही’ — एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं असतं तर दोष ऑफिसवर आला असता, माझ्यावर आला असता. रंजनाताईला समज देऊन सोडलं असतं. पोर कडेवरच राहिली असती तिच्या.

साहेबांचा हात चष्म्याकडे गेला होता.

मी म्हटलं, “समजाव्युं हतुं, साहेब.” समजावलं होतं.

बस. म्हणजे तिला सगळं माहीत होतं, आणि तरी तिने मुद्दाम हुकूम मोडला — असंच झालं ना? माझ्या तोंडून झालं. रंजनाताई शेजारीच उभी होती. जजसाहेबांचं झरझर गुजराती तिला कळलं नाही, आणि माझं तर मलाच जेमतेम ऐकू आलं होतं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, “तुले काय इचारं साहेबनी?”

मी म्हटलं, नाव विचारलं.

निकाल लागेपर्यंत परी बापाकडे, असा नवा हुकूम झाला. तो तिला मीच समजावला, व्हरांड्यात, तिच्या बोलीत. या वेळी एकही ओळ गाळली नाही. ती खाली बसली. रडली नाही. नवा फ्रॉक पोरीच्या अंगावर देऊ की इथेच ठेवू, एवढंच विचारत राहिली.

पोर तिकडे गेली, तिकडच्या शाळेत गेली, आजीला लळा लागला. केस लांबत गेली. शेवटी निकाल देताना कोर्ट म्हणालं, मुलगी आता तिथे रुळली आहे, आणि आईचा मागचा अनुभव बरा नाही. आईचा! रंजनाताई आता सुटीत भेटायला जाते. अखाजीला मात्र माहेरी जात नाही. तिची आई वारली तेव्हा ते अखाजीचेच दिवस होते; तेव्हाही उशिरा पोचली.

आता राहिलं ते सांगते. विसरले नव्हते मी. ओट्यावर तिने ‘जाऊ ना’ म्हटलं तेव्हा ती ओळ मला जशीच्या तशी आठवली होती. मला हेही माहीत होतं की परवानगीचा साधा अर्ज केला असता तर जजसाहेबांनी बहुतेक दिली असती. सणाला कोण नाही म्हणतं? फक्त साहेबांकडे जाऊन सांगावं लागलं असतं की ती अट मी तिला सांगितलीच नव्हती. आणि त्या बायकांसमोर म्हणावं लागलं असतं, विचारून सांगते. ‘विचारून सांगते’ — एवढं जड गेलं मला ते. मी माहीत असून ‘जा’ म्हटलं. चूक नाही ती. घाबरून एका बाईचं लेकरू देऊन टाकलं मी.

रंजनाताईला वाटतं की मला ठाऊकच नव्हतं. मी सनद घेतली तेव्हा पेढे घेऊन आली होती. मी तिच्या डोळ्यात बघेना, तर माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “तुले काय माहीत व्हतं? तू ते शिकी ऱ्हायनी व्हती.” तू तर शिकत होतीस. तो पेढा मी तिच्यासमोर अख्खा खाल्ला.

ती माझ्याकडे बायका पाठवते. इच्छापोरपर्यंतच्या. परवा एक आली, कडेवर पोरगी, डोळे सुजलेले. तिच्याही हुकमात तीच अट आहे. मी एकेक ओळ तिला दोनदा सांगितली, तिच्याकडून वदवून घेतली. ती वैतागून म्हणाली, एवढं कशाला, ताई? माझा विश्वास आहे. मग हसली.

“रंजनाताईनी सांगेल शे, ती सांगस ते खरंच ऱ्हास.”

ती सांगते ते खरंच असतं. ती म्हणजे मी.

मी परवानगीचा अर्ज लिहायला घेतला. कारण — अखाजी. तो शब्द मी दोनदा खोडून पुन्हा लिहिला, तेव्हा तिनेच विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बरी आहे.