आईच्या वतीनं केलेली क्षमा

तुम्हाला सांगते आहे ते मी देवालासुद्धा नीट सांगितलेलं नाही. गुडघे टेकते, बाकीच्या चुका नावानिशी कबूल करते, आणि या एका गोष्टीपाशी आले की घाईनं पुढं सरकते. त्याला तर माहीतच आहे, असं स्वतःला सांगते. पण माहीत असणं आणि मी सांगणं — हे एक आहे का?

मी सोलापूरची. भवानी पेठेजवळ राहते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. लग्न झालेलं नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत महिला सभा मी घेते, आणि क्षमा या विषयावर बोलायचं असलं की पाळकसाहेब मलाच उभं करतात. का, ते पुढं कळेल.

माझी धाकटी बहीण सालोमी. आम्ही तिला सालू म्हणतो, ती मला अक्का. माझं लग्न ठरलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मिरजेकडचं स्थळ होतं, साखरपुडा झालेला. लहानपणी मला फिट येत असत. पुढं औषधानं त्या थांबल्या, आणि घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. सालू बोलली. माझ्या होणाऱ्या सासूबाईंना चहा देता देता म्हणाली, अक्काला फिट यायच्या, पण आईनं उपास धरून प्रार्थना केली आणि प्रभूनं तिला बरं केलं. तिला वाटलं, ती प्रभूच्या करणीची साक्ष देते आहे. आठ दिवसांत लग्न मोडल्याचा निरोप आला. नंतर दुसरं स्थळ आलंच नाही.

सालू खूप रडली. माफी मागितली. मी म्हणाले, केली माफ. आईनं आमच्या दोघींच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी डोळे मिटले होते, आणि मनात एकच विचार होता — हिचं लग्न होईल.

झालंच. बार्शीला दिलं तिला. नवरा भुसार दुकानात कामाला, दोन मुलं. नाताळला सगळी यायची. मी मुलांना कपडे घ्यायची, हसायची, तिच्या केसांना तेलसुद्धा लावून द्यायची. तीस वर्षं! तुम्हाला वाटेल, एवढ्यात राग विरून गेला असेल. मलाही तसंच वाटत होतं.

मग आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. त्याच आठवड्यात सालूच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं, त्यामुळं तिला लगेच निघता आलं नाही. आई सारखी विचारायची, "सालू आली व्हय गं?" अंग मी पुसत होते, चादरी मी बदलत होते, घास मी भरवत होते — आणि नाव सालूचं. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. अक्का, उद्या सकाळच्या गाडीनं येते, म्हणाली.

मी म्हणाले, "येऊ नकोस. आई तुझ्यावर चिडली आहे. तुझं नाव काढलं तरी तिचं बीपी वाढतं. डॉक्टरांनी सांगितलंय, तिच्यासमोर येऊ नकोस."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं, असं म्हणायचा मोह होतो. पण दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हाही मी तेच सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. ते तर आपोआप नव्हतं ना? आणि आत जाऊन आईला सांगितलं, तिला सवड नाही गं, संसार आहे तिला. मंडळीतल्या बायका भेटायला यायच्या, त्यांनाही हेच. त्या माझ्याकडं दयेनं बघायच्या. मला ते आवडायचं.

दीड महिन्यानं सालू न सांगता आली. दुपारची वेळ होती. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. तिच्या हातात स्टीलचा डबा होता. तिनं गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, करून आणली होती, आईला आवडते तशी बडीशेप घालून, चांगली मऊ शिजवून.

"अक्का, लांबनंच बघते की," ती म्हणाली. "झोपली असली तरी चालंल. मी बोलणार न्हाय."

मी नाही म्हणाले. तिनं हट्ट केला नाही. डबा माझ्या हातात दिला, थोडा वेळ पायरीवर बसली आणि उठून एस्टी स्टँडकडं गेली. आईची खाट दारापासून दहा पावलांवर होती.

ती हुग्गी मी टाकून दिली असती तरी एक वेळ... नाही. मी ती आईला भरवली. दुसऱ्याच चमच्याला आई थांबली.

"ही सालूच्या हातची हाय."

मी म्हणाले, "शेजारच्या काकूंनी दिलीय."

आई माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं तोंड मिटलं, आणि त्या दिवशी पुन्हा घास घेतला नाही. तिला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. बारा दिवसांनी ती गेली.

दफनविधीला सालू सगळ्यांच्या देखत माझ्या पायांवर कोसळली. माझं चुकलं, अक्का, आई माझ्यावर रागावूनच गेली, असं म्हणत राहिली. मी तिला उठवलं, छातीशी धरलं आणि म्हणाले, "मी तुला क्षमा केली, सालू. आईच्या वतीनंही केली."

भोवतालच्या बायकांनी डोळे पुसले. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात तो प्रसंग सांगितला. तेव्हापासून महिला सभा माझ्याकडं आली. पापं कबूल करून, मन स्वच्छ करून घ्यायचं असतं ते चर्चमधलं प्रभुभोजन या चार वर्षांत मी दर महिन्याला घेतलं आहे. एकदाही चुकवलेलं नाही.

या उन्हाळ्यात मी बार्शीला गेले, तिला सांगायचं ठरवून. बसमध्ये सगळी वाक्यं मनात जुळवली. सालूनं मला पंख्याखाली बसवलं, चहा ठेवला, आणि मी तोंड उघडण्याआधी तीच बोलू लागली.

"अक्का, लई दिवस झोप नव्हती बघ मला. आईनं मला माफ केलं न्हाई, हे काळजातनं जात नव्हतं. आता मीच आईला माफ केलंय. आजारी माणूस, काय मनात धरलं असंल कुणास ठाऊक. तू सभेत सांगतीस तसंच केलं. सोडून दिलं."

तिचा चेहरा खरंच शांत होता. मी काय केलं असेल? चहा प्यायले. चांगलं केलंस, म्हणाले. संध्याकाळच्या गाडीनं परत आले. तिची शांती मोडू नये म्हणून गप्प बसले, असं मी वाटेत स्वतःला सांगून पाहिलं. सोलापूर यायच्या आतच ते खोटं वाटायला लागलं. मी भ्याले होते, एवढंच.

शेवटच्या सकाळी आईला बोलता येत नव्हतं. तिनं डावा हात उचलून दाराकडं केला आणि दोनदा ओठ हलवले. सालू. सालू. मी तो हात धरून खाली ठेवला आणि चादर नीट केली.