एका हाताने चिरलेला कांदा

पेंटरकाकांनी घरात नवं यंत्र आणलं, की त्यांची सून आधी फरशीवर जुनी चादर अंथरायची. दोरी ओढून कांदा चिरायचं भांडं आणलं होतं, तेव्हा झाकण उडून कांदा थेट पंख्यापर्यंत पोचला होता. मग बोटात अडकवायचं बटाट्याची सालं काढायचं पातं आलं, लिंबू पिळायची टोपी आली, बरणीचं झाकण फिरवायचा रबरी पट्टा आला. सगळं फुटपाथवरचं, स्वस्तातलं, लाल नाहीतर पोपटी प्लास्टिकचं. तिथला विक्रेता असा पटाईत, की त्याच्या हातात विटेच्याही पातळ चकत्या झाल्या असत्या. आणि काका त्याचं सगळ्यात भाबडं गिऱ्हाईक.

"बाबा, कपाटात आता मुंगी शिरायला जागा नाही," सून म्हणायची.

"हे शेवटचं गं," काका म्हणायचे, आणि तसं म्हणताना त्यांना ते खरंही वाटायचं.

या नादाचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. त्यातून त्या उठल्या, चालू-बोलू लागल्या, पण उजवा हात लुळा तो लुळाच राहिला. तेव्हापासून त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. एके काळी त्या खोलीत त्यांचं राज्य होतं. मिठाचा डबा वीतभर इकडचा तिकडे झाला, तर त्या भल्याभल्यांना फैलावर घेत. आता बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसायच्या आणि पुढ्यात येईल ते खायच्या. कसं झालंय विचारलं, की म्हणायच्या, "छान आहे."

हे "छान आहे" काकांना सोसत नव्हतं. अख्ख्या संसारात बायकोने त्यांना ते कधी ऐकवलं नव्हतं. चहा पाणचट, कांदा जाड, पातेल्याला साबण तसाच, हेच ऐकत त्यांचे केस पांढरे झाले होते. आता चहात साखर विसरली तरी कुणी बोलत नव्हतं, आणि स्वतःच्याच घरात त्यांना पाहुण्यासारखं वाटू लागलं होतं. हिला एका हाताने एक कांदा जरी चिरता आला, तरी ही परत येईल, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं.

काकांची हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली. छापील पाट्या आल्या आणि काम सुटलं, पण कामाची रीत सुटली नाही. नवा रंग गिऱ्हाइकाच्या पाटीवर चढवण्याआधी ते तो घरच्या फळकुटावर लावून बघत. यंत्रांनाही तोच नियम. काकूंपुढे ठेवण्याआधी प्रत्येक यंत्राची ओट्यावर परीक्षा व्हायची, आणि तीही एका हाताने. उजवा हात पँटच्या खिशात कोंबायचा आणि डाव्याने चिरायचं. जमलं, की काका "पास!" असं ओरडायचे आणि यंत्र मिरवत बाहेर न्यायचे.

काकूंच्या हातात मात्र त्याच यंत्राखालून कांदा टुणकन उडी मारायचा आणि खुर्चीखाली जायचा. "राहू द्या. छान आहे," त्या गोड आवाजात म्हणायच्या. काका मग यंत्राचा, कारखान्याचा आणि विक्रेत्याचा उद्धार करायचे आणि पुन्हा फुटपाथ गाठायचे. दुसऱ्या कुणी केव्हाच हात टेकले असते. मुलगा हसायचा, शेजारी हसायचे, काकाही त्यांच्यात मिसळून हसायचे, पण शोध काही थांबवायचे नाहीत.

एका सकाळी त्यांनी चकत्या पाडायची किसणी आणली; तिच्या तळाला टेबलाला घट्ट चिकटणारे रबरी चोषक बसवलेले होते. काकडी धरायला तिच्याबरोबर एक खिळेवाली टोपीही होती. ओट्यावर सुनेचा पसारा होता, म्हणून परीक्षा खिडकीजवळच्या टेबलावर मांडावी लागली. काकूंनी ही परीक्षा कधी पाहिलीच नव्हती. काकांनी उजवा हात खिशात घातला आणि डाव्याने झरझर चकत्या पाडल्या.

"पास!"

"अहो, हा हात खिशात कशाला?" काकूंनी विचारलं.

"तुझ्यासारखं करून बघतो ना. नुसत्या डाव्या हाताने."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, पण तुम्ही डावखुरे आहात!"

"मग?"

"मग काय मग! त्याच हाताने जन्मभर अक्षरं काढलीत तुम्ही. माझ्या डाव्याला अजून साधं बटण लावता येत नाही!" असं म्हणून काकू हसू लागल्या. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. दारात उभ्या सुनेने कपाळाला हात लावला. प्रत्येक परीक्षेनंतर फरशी तिनेच पुसली होती आणि तिच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

काका हसले नाहीत. त्यांनी डावा हात खिशात घातला आणि उजव्याने सुरी उचलली. काकडी घरंगळली. पुन्हा ठेवली, पुन्हा घरंगळली. तिसऱ्यांदा सुरीच निसटली. कापणं एक वेळ जमलं असतं, पण काकडी धरायला दुसरा हातच नव्हता.

"रोज असं होतं तुला?" त्यांनी सुरी उचलत विचारलं.

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"किती हौसेने आणत होतात," काकू म्हणाल्या. काकांना फार लाज वाटली, आणि तितकीच तिची माया आली.

त्यांनी त्याच दिवशी किसणी मोडली. जाड लाकडी पाटाच्या तळाला तिचे चोषक लावले आणि टोपीतले खिळे टोकं वर करून पाटात ठोकले. कांदा त्यांवर खोचला, की हलायचं नाव नाही. मग डावा हात खिशात घालून ते उजव्याने चिरत बसले. कांदा चिरला गेला, पण तुकडे बघवत नव्हते. या वेळी ते "पास" म्हणाले नाहीत.

मागे पावलं वाजली. काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या.

"हा काय कांदा चिरलाय? एकेक फोड कुलपाएवढी!"

"उजव्या हाताने चिरलाय."

"सरका तिकडे."

काका सरकले. काकूंनी कांदा खिळ्यांवर दाबला, डाव्या हाताने सुरी धरली आणि सावकाश खाली आणली. कांदा जागचा हलला नाही. मग दुसरी फोड, मग तिसरी. कांदा संपल्यावर काकूंनी मान वर केली.

"मिठाचा डबा कुणी हलवला? आणि तो पोपटी पसारा आधी माझ्या कपाटातून काढा."

"काढतो, काढतो," काका म्हणाले. जन्मात त्यांनी एवढ्या आनंदाने बोलणी खाल्ली नव्हती. ताटलीकडे बोट दाखवून त्यांनी भीत भीत विचारलं, "कसा झालाय?"

काकूंनी एक फोड उचलून उजेडात धरली.

"जाड," त्या म्हणाल्या. "उद्या बारीक चिरेन."