डावखुरा जोडीदार

आमच्या घरात बी. ए. झालेला मी पहिला. अकोल्याच्या शाळेत व्यायामशिक्षक म्हणून लागलो, पण नोकरी कायम व्हायला लाठीच्या शिबिराचं प्रमाणपत्र हवं होतं. म्हणून शनिवार-रविवार अमरावतीच्या आखाड्यात गेलो.

जोड्या लागल्या. अंजनगावकडचा पन्नाशीचा एक माणूस उरला, आणि मी. तो डावखुरा होता. त्याचा वार भलत्याच बाजूनं यायचा, म्हणून कोणी त्याला घेत नसे. अडवताना माझी बोटं ठेचली. दर वेळी तो लाठी खाली टेकवून विचारायचा, "लागलं काय, मास्तर?"

दुपारी भाकर खाताना मी विचारलं, "या वयात काहून येता हो तुमी?"

"घरी लिंबाच्या झाडाले मारतो. पन झाड काई वार परत करत नाई. अन् घरात आता समोर उभं राहाले कोनीच नाई."

रविवारी परीक्षा होती. त्याच्यासमोर आपण नापास होऊ, या भीतीनं मी गुरुजींना सांगून जोडीदार बदलला.

"बरं केलं," तो म्हणाला. "तुमाले नोकरी पायजे." मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून एकटाच लाठी फिरवत राहिला.

नोकरी कायम झाली. पुढच्या वर्षी काही गरज नसताना मी पुन्हा शिबिराला गेलो आणि फाटकापाशी उभा राहिलो.

"मास्तर, जोडी धरा," गुरुजी यादी घेऊन आले.

"माझा जोडीदार यायचा आहे."

"नाव सांगा त्याचं, लिहून ठेवतो."

ते मी कधी विचारलंच नव्हतं.