उघडी गाडी आणि भरलेलं तोंड

मित्रांनो, आज माझ्या नव्याने घेतलेल्या जुन्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी झाली. ब्रिटिश स्पोर्ट्स कार, हिरवी, दोन सीटची, छप्पर मागे दुमडणारी. अशी गाडी रोज फिरवायला परवानगी नसते, पेट्रोल भरायला नेलेली मात्र चालते. म्हणून पेट्रोल भरायचं निमित्त काढलं आणि बाबांना शेजारी बसवलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाबा अगदी राजासारखे बसले होते.

हिंदमाताच्या सिग्नलला डावीकडे एक भलीमोठी एसयूव्ही थांबली. काच खाली झाली. चालवणाऱ्याला आमच्या गाडीचं कौतुक करायचं होतं, पण तोंडात गुटखा. मग बोलता यावं म्हणून त्याने आधी तोंड रिकामं केलं. आमची गाडी ठेंगणी आणि उघडी. सगळी पिचकारी बाबांच्या खांद्यावर!

"सॉरी हां काका," तो हसत म्हणाला, "पण गाडी एक नंबर!"

शी! उडाली बाबांवर, पण घरी येऊन मीही दोनदा अंघोळ केली तरी किळस जात नाहीये. काच खाली केली की थुंकायचं, हे यांना शिकवतं कोण? तुमच्यावर कधी उडालीय का अशी? तुम्ही काय केलंत?

बाबा चिडलेसुद्धा नाहीत. रुमालाने खांदा पुसत एवढंच म्हणाले, "छप्पर लाव रे."

लावलं. पेट्रोल न भरताच घरी आलो.