कड्यावरचा चौथा होल

दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागे आम्ही काही जण गोल्फ खेळायचो. हिरवळ नव्हती. चेंडू भोकात ढकलायची जागा म्हणजे वाळूत इंजिनाचं जुनं ऑइल कालवून दाबलेलं काळं वर्तुळ. तेवढ्यावर माझे व्याही, शिरूरचे बागायतदार, मला मोठा खेळाडू समजत. त्यांनी कोकणात समुद्राकाठी नऊ होलचं मैदान केलं आणि माझी मुलगी नि जावई पुण्याच्या नोकऱ्या सोडून ते चालवायला गेले.

मागच्या अधिक महिन्याच्या सुमारास, तीन वर्षांपूर्वी, व्याह्यांनी मला तिथं खेळायला नेलं. पहिले तीन होल झाडांच्या आडोशाला, सुरेख. चौथा थेट कड्यावर. मी मारलेला चेंडू वाऱ्याने उचलून समुद्रात टाकला. दुसराही तसाच. भोकाजवळ थांबलेला तिसरा चेंडू वाऱ्याने आपोआप घरंगळू लागला. पुढचे सगळे होल असेच उघडे, खाऱ्या वाऱ्याने गवताची टोकं जळालेली. पाहुणा एकदा फोटो काढून जाईल, पुन्हा यायचा नाही, हे मला त्याच दिवशी कळलं.

मग आमच्याकडे धोंड्याचं जेवण झालं. जावयाच्या पानात पुरणाचे धोंडे पडतात न पडतात तोच व्याह्यांनी विचारलं, "आबा, खेळाडू मानूस तुम्ही. कसं हाय आपलं मैदान?"

त्या दिवशी जावई म्हणजे देव. त्याच्या पानासमोर मुलीच्या बापाने खोट कशी काढायची?

"एक नंबर," मी म्हणालो. "वाऱ्यामुळंच तर मजा हाय."

त्यानंतर ते भेटेल त्याला सांगत, "आमच्या व्याह्यांनी पास केलंय."

यंदाच्या अधिकात मुलीचा फोन आला. कड्यालगत आणखी नऊ होल करायचे ठरले होते, सोमवारी जेसीबी लागणार होता. "आलेले लोक परत येत नाहीत, बाबा. पण मामा म्हणतात, मैदान मोठं झालं की येतील." मामा म्हणजे तिचे सासरे.

तेव्हापासून मला अन्न गोड लागेना. सोमवारच्या आधीच यंदाचं धोंड्याचं जेवण आमच्याकडे होतं. बायको म्हणाली, "पानं उठेपर्यंत गप बसा."

पण पानं उठण्याआधीच व्याह्यांनी नव्या होलांचा विषय काढला, आणि मी बोलून गेलो. चौथा होल, घरंगळणारा चेंडू, जळकं गवत, सगळं.

"मग तवा का न्हाई बोललात?"

"मुलीचा बाप होतो."

"आन् आता कोन हाय?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "मामा, वारा मी रोज बघते. पण बाबांनीच चांगलं म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं बोलणार?"

हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तिचंही तोंड मीच बंद केलं होतं.

व्याही अर्ध्या पानावरून उठले. अंगणातून त्यांचा फोनवरचा आवाज आला, "सोमवारी मशीन आणू नगंस. कवा ते सांगतो."

मी दारात गेलो. माझ्याकडे न बघता ते चपला घालत म्हणाले, "काठ्या काढून ठेवा, आबा. भर दुपारी खेळायचं, वारा असताना. कुठं कुठं चुकलंय ते जाग्यावर दाखवायचं. आन् त्या टायमाला जेवण आमच्याकडं न्हाई. डबा आपापला."