दोन मिसकॉल

“आवं सायेब, कालवा फुटला! माझी कोकरं चालली!” मेंढपाळ बिरूतात्यांचा फोन आला आणि मी तसाच जीपकडे पळालो.

मी उपसा सिंचन योजनेवर शाखा अभियंता. नदीचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून म्हसवडकडच्या माळाला द्यायचं, हे आमचं काम. दोन पंपहाऊसच्या मध्ये कालवा. वरचे पंप थांबले की खालचेही लगेच थांबवायचे, नाहीतर मधला कालवा भरून फुटतो. खाली ऑपरेटर दत्ता, वर विलास. वरची लाइट गेली की विलास दत्ताला दोन मिसकॉल द्यायचा, दत्ता पंप बंद करायचा. हे कुठल्या जीआरमध्ये नव्हतं. दोघं एकमेकांना ओळखून होते, एवढंच.

मग साताऱ्याला नवे साहेब आले. औंधच्या यात्रेत त्यांनी या दोघांना एकत्र जेवताना पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला.

“यांचं साटंलोटं आहे. आपसात फोन बंद. मेसेज कंट्रोल रूममधूनच जाईल. ऐकलं नाही तर सस्पेंड.”

“साहेब, त्या मिसकॉलवर योजना चाललीय!”

“लेखी आहे का कुठे? मग मला सांगू नका.”

मी टेबलावर हात आपटून भांडलो. ऑर्डर निघालीच.

आणि त्या दिवशी दुपारी वरची लाइट गेली. विलासनं कंट्रोल रूमला कळवलं. कंट्रोल रूमनं साहेबांना विचारायचं ठरवलं. साहेब मीटिंगमध्ये. खाली दत्ताचे पंप धडधडत राहिले.

मी जीपमधूनच दत्ताला फोन करून पंप बंद करायला लावले आणि फुटलेल्या कालव्यावर धावत आलेल्या विलासची कॉलर धरली. “नंबर पाठ होता ना रं तुला?”

“व्हता की. पर फोन केला असता तर घरी बसवलं असतं. दोन पोरी हायत्या, सायेब.”

मी कॉलर सोडली. धरायची होती ती कॉलर साताऱ्याला होती.

मेंढरं चरायला गेलेली. कोकरं मात्र कालव्याखाली लावलेल्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडलेली. पळणार कुठं? तात्या एक मेलेलं कोकरू पोटाशी धरून उभे होते. “एक फोन लागत व्हता न्हवं?” एवढंच म्हणाले.

चौकशीत कारण निघालं : समन्वयाचा अभाव. म्हणून साहेबांनी ‘समन्वय’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मेसेज फक्त ॲडमिननं टाकायचा. ॲडमिन, साहेब.

मी दोघांना बोलावून सांगितलं, “मिसकॉल चालू करा. सस्पेंड करायचंच तर आधी मला करतील.” तेव्हापासून पाणी मिसकॉलवर चालतं आणि ग्रुपवर रोज सुविचार येतो.

बिरूतात्या आता आमच्या कालव्याखाली वाघर लावत नाहीत. त्यासाठी त्यांना ऑर्डर काढावी लागली नाही.