निरीक्षकाने बोलायचं नाही

त्या वर्षी मला शिकवायला लागून नऊ वर्षं झाली होती, आणि मी चांगलं शिकवते असं सगळेच म्हणत. मीही म्हणे. मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात मी व्याख्याती होते. कॉलेजचं एक आरोग्य केंद्र भिवंडीत होतं. इंटर्न मुलंमुली काही महिने तिथं येत, आणि त्यांना गावात, वस्तीत काम करायला तयार करणं माझ्याकडे होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं.

आमच्या कॉलेजातले एक ज्येष्ठ प्राध्यापक तेव्हा नुकतंच एक प्रशिक्षण घेऊन परतले होते. औषधावर संशोधन होतं तसं शिकवण्यावरही होऊ शकतं, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. आम्हा सहा शिक्षकांना निवडून ते दर शनिवारी दुपारी आमचाच वर्ग घेत. पहिल्या दिवशी त्यांनी मला उभं केलं.

"तुम्ही शिकवलेलं मुलांना येतं, हे तुम्हाला कशावरून कळतं?"

"परीक्षेत बरोबर लिहितात, सर."

"लिहिता येतं, एवढंच कळलं मला. करता येतं का?"

बाकीचे हसले. मला राग आला, आणि त्या रागातच मी माझा विषय निवडला. जुलाब झालेल्या मुलांना द्यायचं मीठ-साखरेचं पाणी. हे व्याख्यान मला इतकं पाठ होतं की मधेच कुणी थांबवलं असतं तरी मी नेमकं पुढच्या शब्दापासून सुरू केलं असतं.

आखणी साधी होती. आठ इंटर्न, चार-चारांचे दोन गट. एका गटाला माझं नेहमीचं व्याख्यान. दुसऱ्या गटानं ते पाणी स्वतः करायचं, चाखायचं, आणि एकमेकांना शिकवून दाखवायचं. मग दोन्ही गटांनी आयांना शिकवायचं. चार-पाच दिवसांनी मी घरोघरी जाऊन आईला पाणी करून दाखवायला सांगायचं आणि तक्त्यावर खुणा करायच्या. सरांनी एक नियम फळ्यावर लिहून दिला होता: निरीक्षकाने बोलायचं नाही. "बोललात की ते निरीक्षण राहत नाही," ते म्हणाले, "पुन्हा शिकवणंच होतं."

पाहणीच्या पहिल्या सकाळी मी आणि केंद्राच्या नर्सबाई भिवंडीतल्या निजामपुऱ्यात, यंत्रमागांच्या वस्तीत गेलो. त्यांना या गल्ल्यांत वीस वर्षं झालेली. लूमच्या खडखडाटात कुणाच्या कानाशी किती वाकून बोलायचं ते त्यांना माहीत. पहिलं घर एका लूम कामगाराचं. नवरा ड्युटीवर, बायको घरी, दोन मुलं दारात खेळत होती, दोघंही ठणठणीत. बाईनं उत्साहानं भांडं घेतलं. उकळून गार केलेलं पाणी ओतलं. मग बरणीत हात घालून मूठभर खडेमीठ काढलं आणि पाण्यात टाकलं. साखरेची पुडी मात्र जपून उघडली, आणि तीन बोटांत जेमतेम मावेल एवढी साखर वरून भुरभुरवली.

उलटं. बरोबर उलटं.

"ठीक है ना, डॉक्टरनी?" तिनं विचारलं.

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर शब्द आले होते. पण हातात तक्ता होता, आणि शनिवारी मला तो सरांसमोर ठेवायचा होता. मी खूण केली, हसले, आणि बाहेर पडले. बाईनं ते हसणं म्हणजे होकार समजला असणार. दुसरं काय समजणार?

गल्लीच्या तोंडाशी नर्सबाई थांबल्या. "बाई, तिनं ते पाणी झाकून ठेवलं. लागेल तेव्हा वापरीन म्हणाली."

"मुलं बरी आहेत तिची. पाहणी झाली की सगळ्यांना एकदम सांगू."

त्या पुढच्या घराकडे चालू लागल्या.

दुपारी केंद्राच्या जीपनं आम्ही जवळच्या दापोडे गावी गेलो. तिथलं घर शेतकऱ्याचं. अंगण सारवलेलं, ओट्यावर जुलाब झालेलं वर्षभराचं मूल आईच्या मांडीवर. आम्ही पोचण्याआधीच ती त्याला वाटीनं पाणी पाजत होती. मूल पाण्यासाठी नुसतं हपापलेलं, तरी किरकिरत होतं; ओठ कोरडे, आणि मधूनच हाताला झटका येत होता.

"कधीपासून देतेस?" नर्सबाईंनी विचारलं.

"कालच्यान. जेवढा देतय तेवढा मागतंय. तुमचा डॉक्टर बोलला तसाच केलाय, काय चुकला न्हाय."

मी वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. समुद्राचं पाणी परवडलं.

ती पुन्हा वाटी मुलाच्या तोंडाशी नेत होती. मी तिचा हात धरला, जरा जोरातच. वाटी सांडली. ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली.

"हे नको देऊस. यात मीठ फार झालंय. अंगावर पाज त्याला, आणि आत्ता माझ्याबरोबर चल."

"मग त्यानं कशाला सांगितला?" ती ओरडली. "मी इचारला त्याला, मीठ किती, साखर किती. चिमूट आन् मूठ बोलला. साखर मुठीनं कोन टाकतंय? रेशनची साखर हाय ती!"

जीपमध्ये मूल दोनदा ताठ झालं. दोन्ही वेळा मी त्याचं डोकं धरून सेकंद मोजत राहिले, का ते मलाही माहीत नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. मी डॉक्टर आहे हे सांगायचं मला सुचलंच नाही.

बाकावर बसल्यावर सकाळचं ते झाकलेलं भांडं डोळ्यांसमोर आलं.

मुलाला मुंबईला हलवावं लागलं तर म्हणून जीप आणि नर्सबाईंना तिथं ठेवून मी निजामपुऱ्याकडे निघाले. टांगा मिळेना, तेव्हा चालत, मग जवळजवळ धावत. शिफ्ट सुटली होती, गल्ली माणसांनी तुंबली होती. दारात सकाळचं एकच मूल होतं.

"दुसरं कुठंय?"

"अंदर सोया है. क्यूँ?"

आत जाऊन मी त्याला हलवून उठवलं. ते झोपमोड झाल्यानं रडायला लागलं, नेहमीच्या मुलासारखं. भांडं चुलीशेजारी होतं, भरलेलं. मी ते उचलून मोरीत ओतलं. बाईचा चेहरा उतरला. मोडक्या हिंदीत मी सगळं सांगितलं, तिच्याच हातून नवं पाणी करवलं, आम्ही दोघींनी चाखलं. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट नको, एवढं तिला चटकन कळलं. मग ती म्हणाली, "सुबह क्यूँ नहीं बोलीं आप?"

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी मी व्याख्यानवाल्या गटाच्या सगळ्या घरी गेले. तक्ता नेला नाही.

दापोड्यात शिकवून आलेला इंटर्न हुशार होता, वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारा. केंद्रात तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मॅडम, मी तुमचंच वाक्य म्हटलं. शब्दन् शब्द. 'चिमूट आणि मूठ, एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं सोपं.'"

खरंच ते माझंच वाक्य होतं. नऊ वर्षं त्यावर वर्ग हसत आला होता. कुठली चिमूट आणि कुठली मूठ, हे मी त्याआधी सांगायची. पण विद्यार्थ्यांच्या आणि आयांच्या लक्षात राहायचं ते एवढंच. मी त्याला बस म्हटलं. रागवायला माझ्याकडे काही नव्हतं.

मूल तिसऱ्या दिवशी नीट अंगावर पिऊ लागलं आणि आठवड्यानं घरी गेलं. त्याच्या आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. नर्सबाईंशी बोलली.

शनिवारी मी अर्धवट तक्ता घेऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं, सकाळचं हसणंसुद्धा. शस्त्रक्रियेचे एक प्राध्यापक आमच्याबरोबर शिकत होते. ते म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे निष्कर्ष नाहीच. अभ्यास बिघडला."

"हो," मी म्हणाले.

सरांनी विचारलं, "त्या पहिल्या घरातून गप्प बाहेर पडायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

मला वाटलं, ते सगळी जबाबदारी माझ्यावर टाकताहेत. पण खोटं कशाला बोलू?

"तुम्ही, सर."

"हो. मीच," ते म्हणाले. "आणि तुम्ही ऐकलंत. दोघांचंही चुकलं." त्यांनी वहीत काहीतरी खोडलं. मग मान वर न करता म्हणाले, "पुढच्या तुकडीबरोबर हा अभ्यास पुन्हा करा. पण धोका दिसला की निरीक्षक बोलणार, आणि बोलला हे तक्त्यात लिहिणार. तो रकाना आधी आखा."

माझी इच्छा नव्हती. घरी जाऊन राजीनाम्याचा विचारही केला. पण सोमवारी भिवंडीला नवे इंटर्न येणार होते, आणि त्यांना मी काय शिकवणार होते? सकाळी केंद्रात गेले, नर्सबाईंना म्हटलं, "चूल पेटवा. आज वर्ग तुम्ही घ्या. मी मागे बसते."

त्यांनी पदर खोचला. "आणि माझं चुकलं तर?"

"तर मी बोलेन," मी म्हणाले.